नलूच्या लग्नातली पिवळी साडी

एप्रिल कलंडला की नागपुरात पुन्हा मांडव उभे राहू लागतात आणि माझ्या तोंडाची चव जाते. लोक म्हणतात, उन्हानं होतं तसं. पन्हं घे, कांदा जवळ ठेव, दुपारची बाहेर पडू नकोस. मी पन्हं घेते, कांदाही ठेवते. चव काही परत येत नाही, कारण ती उन्हानं गेलेलीच नसते.

ज्या दिवसांत डांबर चपलेला चिकटून वर येतं, नळाचं पाणी हात भाजतं, कुत्री नालीच्या ओलीत पोट टेकवून पडून असतात, नेमक्या त्याच दिवसांत बायकांनी जरीच्या साड्या अंगाला गुंडाळून, केसांत गजरे खोचून मांडवात दाटीवाटीनं बसायचं, हे कोणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे. परवाच एका लग्नाला जाऊन आले. आता नवीन एक निघालंय, व्हिडिओवाला. तो प्रखर दिवा घेऊन बायकांच्या रांगेसमोरून फिरतो आणि जे दिसू नये ते सगळं त्या उजेडात दिसतं. मानेवरून निघालेले पावडरचे ओघळ, नायलॉनच्या ब्लाउजातून झिरपलेला घाम, ओठाच्या कोपऱ्यात चिकटलेला जिलबीचा तुकडा. भिजून भिजून कुजलेल्या वाळ्याच्या ताट्या वास मारत असतात. गजरे तासाभरात तपकिरी होऊन शिळ्या भाजीसारखे लोंबतात. आणि एवढ्यातही बायका एकमेकींचा पदर चिमटीत धरून पोत बघत असतात. "नवी का?" "कुठून घेतली?" "हीच मागच्या लग्नात नेसली होतीस ना?" मला त्या चिमटीची शिसारी येते.

घरी येऊन कपाट उघडलं तर आतून डांबरगोळ्यांचा वास आला. माझ्या मुलीला तो वास फार आवडतो. कपाटात तोंड घालून ती हुंगत उभी राहते. मला मात्र त्या वासानं घशाशी येतं. दहा-बारा वर्षं झाली, तरी येतं.

तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत मी टायपिस्ट होते. आम्ही राहायचो इंदोऱ्याला. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. बाबा गिरणीत जायचे, आई पडवीत बसून विड्या वळायची. कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर नलिनी बसायची. नलू धरमपेठेतून सायकलवर यायची, येताना घाम पुसत पुसत हसत यायची. आमच्या दोघींच्या वयात फार तर काही महिन्यांचं अंतर असेल. कामावर लागलो त्याही जवळजवळ एकदमच. साहेबांचं वाचता न येणारं अक्षर आम्ही दोघी मिळून लावायचो, आणि लागलं नाही की त्याच्या जागी मनाचं काहीतरी टाइप करून पोट धरून हसायचो.

दुपारच्या सुट्टीत नलू माझ्या डब्यातली अंबाडीची भाजी बोटं चाटून खायची. "आईला सांगू नको हं," असं डोळे मिचकावून म्हणायची. तिची आई मला कुठे भेटणार होती? पण ती हे म्हणायची आणि मी हसायची. तेव्हा वाटायचं, आपल्या दोघींचं काहीतरी गुपित आहे. छान वाटायचं. आता ते आठवलं की मी ज्याला गुपित समजत होते तेच मला आंबूस लागतं.

एकदा हिवाळ्यात ती घरी आली होती. आईनं पडवीत सतरंजी घातली, तिळाची वडी दिली. नलूनं खाल्ली. दोरीवर माझी पांढरी साडी वाळत होती. निळ्या काठाची, पाण्यासारखी झुळझुळीत. नलू उठून तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "सुमे, माझ्या लग्नात तू हीच नेसायची. काय दिसशील तू हिच्यात!"

आमच्याकडे पांढरा रंग मंगल. दीक्षा घेतल्यापासून आमची नवरी पांढऱ्यातच उभी राहते, नवराही. वंदना होते, फुलं टाकली जातात. मांडवात सगळीकडे पांढरंच पांढरं असतं, आणि मे महिन्यातल्या दुपारी त्या दृश्यानंच अर्धी तहान भागते. ती साडी मी माझ्या पगारातून घेतलेली पहिली चांगली साडी. मामेबहिणीच्या लग्नात नेसले होते. बाकी माझ्या ट्रंकेत काय होतं? एक पोपटी नायलॉन, मोठमोठ्या फुलांची. ती अंगावर घातली की भर उन्हात प्लॅस्टिकच्या पिशवीत बसल्यासारखं व्हायचं. आणि कचेरीत नेसायच्या दोन-तीन, धुवून धुवून विरलेल्या. त्यामुळे नलूचं लग्न ठरलं तेव्हा मला काही ठरवायचंच नव्हतं. तिनंच ठरवून ठेवलं होतं.

मुलगा नागपुरातलाच, बँकेत. लग्न मे महिन्यात, धरमपेठेतल्या एका मंगल कार्यालयात. नलू म्हणाली, सकाळी लवकर ये, मला तयार करायला तूच हवीस. मला केस चांगले बांधता यायचे. मी हो म्हटलं.

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात ती शेवटची कामावर आली. संध्याकाळी सायकल स्टँडवर तिनं हँडलला अडकवलेलं एक पुडकं काढलं. वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेलं.

"हे आईनं दिलंय तुला," ती म्हणाली. "साडी आहे. पिवळी. लग्नात ही नेस."

"का गं? मी तर ती पांढरी..."

"हो, मी सांगितलं तिला. पण ती म्हणते, लग्नात पांढरं बरं दिसत नाही. आमच्याकडे पांढरं म्हणजे... तुला कळतं ना. चारचौघी बोलतील. तू वाईट वाटून घेऊ नकोस, सुमे. आई म्हणाली, ती घरच्यासारखीच आहे, म्हणून माझ्या साड्यांतली देते. तिच्या आवडीची आहे ही."

नलू माझ्याकडे बघत नव्हती. सायकलच्या घंटीवरची धूळ बोटानं पुसत होती. मी पुडकं घेतलं. काय करणार होते? कोणी मायेनं काही दिलं की आपले हात आधी पुढे होतात, डोकं मागाहून येतं.

घरी पोचले तेव्हा आई पडवीत सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती.

"काय आणलं वं?"

"साडी हाय. नलूच्या आईनं देल्ली. लग्नात नेसाले."

"नवी हाय?"

"नाई. त्याइचीच हाय."

आईचे हात थांबले. तिनं सूप बाजूला ठेवलं, तंबाखूचा चुरा झटकला आणि म्हणाली, "खोल."

सुतळी सोडली, कागद उलगडला. डांबरगोळ्यांच्या वासाचा एक भपकारा आला. त्याच्या खालून दुसरा वास आला, उशिरानं, हळूच. जुन्या घामाचा, तेलाचा, आणि त्यावर मारलेल्या कुठल्याशा अत्तराचा. साडी रेशमाची होती, हळदीच्या रंगाची. जर काळी पडलेली. निऱ्यांच्या खालच्या कडेला मळाची एक बारीक रेघ. वर ब्लाउज ठेवलं होतं. त्याच्या दोन्ही काखांत पिवळ्यावर तपकिरी असे दोन अर्धे चंद्र उमटलेले होते, कडेला मिठाची पांढरी किनार. कोणी ते धुण्याचाही त्रास घेतला नव्हता. दुसऱ्याच्या घामाच्या त्या डागांत आपले हात घालायचे, दिवसभर तो वास आपल्या अंगाचा म्हणून वागवायचा, आणि वर म्हणायचं, काकूंनी किती आपुलकीनं दिली.

आईनं साडीला हात लावला नाही.

"गुंडाळ," ती म्हणाली.

मी गुंडाळली. सुतळीची गाठ बसेपर्यंत आई बघत होती. मग सूप पुन्हा मांडीवर घेत, पानाकडे बघत म्हणाली, "माही माय उतरलेलंच नेसे. गावातल्या बायांनी टाकलेलं. मयतावरचं लुगडंबी आमच्याच वाट्याले ये. हक्काचं म्हनत त्याले. नदीवर नेऊन धुवे, वाळवे, अन् नेसे. लहानपनी मले तिच्याजवळ झोपाले भेव वाटे. वास ये."

मी हे कधी ऐकलं नव्हतं. आई गावाचं बोलायची, विहिरीचं, आमराईचं. हे तिनं कधी सांगितलं नव्हतं.

"मंग दीक्षा घेतली. त्या साली समद्या बाया गावात जाऊन सांगून आल्या, आता आमी उतरलेलं घेनार नाई. माह्या मायजवळ दुसरं नव्हतं. फाटक्यात राह्यली, गाठी मारून नेसली. पन घेतलं नाई." आईनं विडी दाबून बांधली. "तुले काय नेसाचं ते नेस. पांढरी नेस, हिरवी नेस, हापिसातली नेस. मी काई म्हनत नाई. पन हे घरात नोको आनू."

"मंग ठेवू कुठं?"

आईनं मानेनंच पडवीच्या खांबाकडे दाखवलं. खांबाला खिळा होता. त्याच्यावर बाबांची छत्री अडकवलेली असायची. मी पुडकं तिथं टांगलं. पुढचे चार दिवस ते तिथेच लोंबत राहिलं, पत्र्याखाली, उन्हाच्या झळांत. दुपारी पत्रा तापला की डांबरगोळ्यांचा वास पडवीभर पसरायचा. आई तोंडाला पदर लावून विड्या वळायची, पण आत जाऊन बसायची नाही. जणू तिनं त्या पुडक्यावर पहारा बसवला होता.

आईचं सरळ होतं. माझं नव्हतं. मला नलूच्या लग्नाला जायचं होतं. ज्या घरात पांढऱ्याला अशुभ मानतात तिथं मुद्दाम पांढरं नेसून जायचं, म्हणजे नलूच्या दिवसात आपण दात ओठ खाऊन उभं राहायचं का? आणि उद्या तिच्या संसारात काही बरंवाईट झालं, तर कोणीतरी म्हणायला मोकळं, ती आली होती ना पांढऱ्यात. पोपटी नेसावी, तर ती घामानं अंगाला चिकटून बसायची. शिवाय पोपटी नेसले असते तर ते काकूंच्या म्हणण्यावरूनच नेसले असते. आमच्या मंगलाला त्या अमंगल म्हणत होत्या, आणि मी माझ्या ट्रंकेत त्यांच्या मनासारखा रंग शोधत होते. रात्री कूस बदलली की तोच विचार, पाणी प्यायला उठलं की तोच.

मग शेजारच्या बाईनं सुचवलं, पांढरी रंगवून का घेत नाही? साडी तीच, रंग दुसरा. मला ते पटलं. म्हणजे पटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी कचेरीतून सुटल्यावर पांढरी साडी पिशवीत घालून मी महालात गेले. एका बोळात रंगाऱ्याचं दुकान होतं. दारातच चुलीवर हंडा, त्यात गडद काहीतरी रटरटत होतं. आत दोरीवर ओले कपडे, त्यांच्यातून रंगीत पाणी टपकून फरशीवर थारोळी झालेली. सगळीकडे ओल्या सुताचा आणि उकळत्या रंगाचा उग्र वास. रंगाऱ्यानं साडी हातात घेतली, उजेडात धरली.

"बाई, ही तं नवी दिसते. काहून डुबवून राहिल्या?"

"लग्नाला जायचंय."

"बरं. कोणता रंग?"

मी तोंड उघडलं आणि तोंडात जो शब्द आला तो होता, पिवळा. तो शब्द जिभेवर आला तसा काखेतल्या त्या डागांचा वास नाकात आला. मी रंगाऱ्याच्या हातून साडी ओढूनच घेतली बहुतेक, कारण तो चमकून बघत राहिला. मी काही न बोलता बोळातून बाहेर आले. हातगाडीवाल्यांना धक्के लागत होते, सायकल रिक्षावाले घंट्या वाजवत होते, आणि मी ती साडी छातीशी धरून चालत होते. बाहेर आल्यावर पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. घरी पोचेपर्यंत ठरून गेलं होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी पांढरी साडी नेसले. आईनं कोळशाची इस्त्री फिरवून दिली होती. निळा काठ नीट बसला. पिवळ्या साडीचं पुडकं खांबावरून काढलं, पिशवीत घातलं. आई दारापर्यंत आली. "देऊन ये तिले," एवढंच म्हणाली.

कार्यालयात सनई लागली होती. दारात एक मुलगी सगळ्यांच्या हातावर अत्तर लावत होती. माझ्याकडे बघून तिचा हात क्षणभर थबकला, मग लावलं. वधूपक्षाच्या खोलीत बायकांची गर्दी होती. नलू नुकतीच न्हाऊन आलेली, घरच्या साध्या साडीत खाटेवर बसलेली. केसांतून पाणी ठिबकत होतं. गौरीहराच्या पूजेसाठी नेसायची तिची साडी शेजारी घडी घालून ठेवली होती. मला पाहून तिचा चेहरा फुलला आणि लगेच माझ्या साडीकडे लक्ष जाऊन बावरला. दोन्ही एकाच चेहऱ्यावर मी पाहिलं.

"आलीस? ये, केस बांध माझे."

तेवढ्यात काकू आल्या. नलूच्या आईला मी पहिल्यांदाच पाहत होते. गोऱ्या, ठेंगण्या, चेहऱ्यानं खरंच प्रेमळ. कपाळावर घाम आणि कुंकू एक झालेलं.

"अगंबाई, सुमन ना तू? ये गं ये." त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावरून खाली साडीवर घसरली. "ती पिवळी नाही नेसलीस? ब्लाउज बसलं नाही का?"

"नाही काकू. परत आणलीय." मी पिशवीतून पुडकं काढून त्यांच्यापुढे धरलं.

"परत कशाला? तुलाच दिली होती मी."

"नको काकू. माझ्याकडे आहेत साड्या."

मी हात पुढे धरून उभी होते. काकूंनी आपले हात पदरात गुंडाळून घेतले. अगदी सहज. थंडी वाजल्यावर घ्यावेत तसे.

"राहू दे गं. आता ती परत घेऊन मी काय करू?"

मला वाटलं, त्यांचा गैरसमज झालाय. मी घाईनं म्हटलं, "मी नेसले नाही, काकू. अंगालाही लावली नाही."

"ते खरं गं." त्यांनी आवाज खाली आणला. माझ्यासाठीच आणला, बाकीच्या बायकांपुढे मला लाज वाटू नये म्हणून. "पण चार दिवस तुमच्याकडे राहिली ना ती. आमच्याकडे सारखं देवाधर्माचं असतं. आता नाही चालायची. तू ठेव, कोणाला तरी देऊन टाक."

त्यांच्या आवाजात जरासुद्धा विखार नव्हता. दूध नासलंय, आता चहाला नाही चालायचं, असं सांगावं तसा आवाज. स्वतःच्या घामाचे डाग असलेली साडी त्या मला नेसायला देऊ शकत होत्या. त्याची त्यांना किळस नव्हती. आमच्या घरचं वारं लागलेली तीच साडी परत हातात घ्यायची मात्र त्यांना किळस वाटत होती, आणि ती लपवावी असंही त्यांना वाटत नव्हतं.

मी म्हणाले, "आमच्याही घरात नाही आली ती, काकू. आईनं आत घेऊ दिली नाही. बाहेर खांबालाच टांगून ठेवली होती."

"का बरं?"

"उतरलेलं आम्ही घेत नाही."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. राग नव्हता, अपमानही नव्हता. त्यांना खरोखर समजलंच नव्हतं. आपल्या साडीचा कोणाला विटाळ वाटू शकतो, हे त्यांच्या आयुष्यात कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. खोलीत बायकांच्या बांगड्यांचा आवाज थांबला. माझा हात दुखायला लागला होता, पण मी तो खाली घेतला नाही. पुडकं जमिनीवर ठेवलं असतं तर तेही त्यांना चाललं असतं. म्हणून नाही ठेवलं.

मग नलू उठली. "दे इकडे," म्हणाली, आणि माझ्या हातून पुडकं घेऊन तिनं कोपऱ्यातल्या ट्रंकेवर ठेवलं. एवढंच. पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, झालं. आईला सांगायला काहीतरी झालं.

"नलू!" काकू ओरडल्या. "अगं पूजेला बसायचंय तुला आता! जा, दोन तांबे अंगावर घेऊन ये आधी."

नलू उभी राहिली. एकदा आईकडे पाहिलं, एकदा खाली. माझ्याकडे पाहिलं नाही. दोरीवरचा पंचा घेतला आणि मोरीत गेली. दार लागलं. पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग बहुधा तिसराही. बायका पुन्हा बोलायला लागल्या, जरा जास्तच मोठ्यानं. मी खाटेच्या कडेला उभी होते. माझ्या मुठीत तिच्या केसांना लावायच्या पिना होत्या, त्या तळव्याला टोचत होत्या.

कोणीतरी विचारेल, तशीच निघून का आली नाहीस? मीही स्वतःला विचारलंय. पण ती बाहेर आली तेव्हा तिचे केस पुन्हा ओले झाले होते आणि ती मुकाट्यानं माझ्यापुढे पाठ करून बसली. मी तिचे केस पुसले, विंचरले, अंबाडा घातला. चांगला घातला. अक्षता टाकेपर्यंत थांबले. हातात एकही उरू नये म्हणून सगळ्या टाकल्या. पंगती बसायला लागल्या, जिलबीवर माश्या घोंगावायला लागल्या, मठ्ठ्याचा आंबट वास आला, तेव्हा मात्र मला तिथं एक घासही गिळवला नसता. मी निघाले. बाहेर ऊन असं होतं की रस्ता थरथरताना दिसत होता. रिक्षा मिळेपर्यंत चालत राहिले. पांढरी साडी घामानं पाठीला चिकटली होती, आणि तो घाम माझा होता, त्यात मला बरं वाटत होतं.

आई पडवीत वाट बघत बसली होती.

"देल्ली?"

"देल्ली."

"घेतली तिनं?"

"नाई घेत होती. नलूनं घेतली."

"मंग?"

"मंग लग्न लागलं."

आईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "जेवली नाईस," म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. आत जाऊन भाकर, कांदा आणि वाटीभर वरण घेऊन आली, आणि मी जेवेपर्यंत वारा घालत बसली. मोरीतल्या पाण्याचं मी तिला तेव्हाही सांगितलं नाही, पुढेही नाही.

नलू महिन्याभरानं कामावर आली. हातात हिरवा चुडा, गळ्यात मंगळसूत्र, अंगावर नवीकोरी साडी. बरोबर फोटोंचा अल्बम आणला होता. सगळ्या बायका तिच्या टेबलाभोवती गोळा झाल्या. काळेपांढरे फोटो. अंजिरी, मोरपंखी, आंबा, डाळिंबी, जे जे म्हणून रेशीम त्या दिवशी मांडवात मिरवत होतं, ते सगळं राखेच्या एकाच रंगाचं झालं होतं. अक्षतांच्या फोटोत मागे एक पांढरी आकृती दिसत होती.

"ही कोण गं पांढऱ्यात?" कोणीतरी विचारलं.

"ही काय, सुमन," नलू म्हणाली आणि पान उलटलं.

संध्याकाळी आम्ही दोघी फाटकाजवळ उभ्या होतो. तिला न्यायला नवरा स्कूटर घेऊन येणार होता. ती सासरचं सांगत होती, सासू कशी, दीर कसा. मी ऐकत होते. तिची ती बडबड संपायची वाट बघत होते. मग विचारलं.

"नले, त्या दिवशी तू खरंच पुन्हा आंघोळ केलीस?"

तिनं मनगटावरचा चुडा वर सारला. मला वाटतं, तेव्हा ती काहीही बोलली असती तरी मला चाललं असतं. आईपुढे माझं काही चालत नाही, म्हणाली असती. मला लाज वाटली, म्हणाली असती. नुसती रडली असती. माझ्यावर चिडली असती तरीही चाललं असतं.

नलू हसली. डोळे मिचकावून, नेहमीसारखी. "अगं, मे महिना होता," ती म्हणाली. "तेवढंच गार वाटलं."

आणि मी हसण्याची ती वाट बघत राहिली.

काकूंचा मला राग आला होता. राग येतो, उतरतो. पण त्या हसण्यानं माझ्या आत जे झालं ते घासात केस यावा तसं होतं. तोंड धुतलं, चूळ भरली, तरी जिभेवर तो आहेच असं वाटत राहतं. स्कूटर आली. नलूनं पदर खोचला, मागे बसली, हात हलवला. मी हात हलवला की नाही ते आठवत नाही.

पुढे चारेक वर्षं आम्ही त्याच खोलीत कामाला होतो. कार्बन मागितला, रिबिन मागितली, साहेब आले का विचारलं. भांडण कधी झालं नाही. लोकांना कळलंही नसेल.

कळलं असेल तर फक्त तिला, त्या हसण्याच्या दुसऱ्याच दिवशी. सकाळी आल्या आल्या मी हेडक्लार्क बडेबाबूंकडे गेले आणि माझं मशीन पलीकडच्या भिंतीला, खिडकीशी हलवून मागितलं. ते चष्म्यावरून बघायला लागले. नलूच्या शेजारची जागा सोडून मी कुठे जाईन, हे त्यांना खरं वाटेना.

"का हो, इथं काय त्रास आहे?"

"त्रास काही नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. "तिथं जरा गार वाटतं."

नलूच्या मशीनची टकटक थांबली. ती पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ लागला. मी शिपायाबरोबर माझं टेबल उचलत होते. वळून पाहिलं नाही.